मोसंबीचा निळा उजेड

माझ्या नणंदेच्या यजमानांइतका उजेडावर जीव असलेला माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि त्या उजेडापायी भर दुपारी घरात त्यांच्याइतका अंधार करून बसणाराही नसेल. मे महिन्यात अंबडची माणसं पंख्याखाली ओला टॉवेल डोक्यावर घेऊन पडलेली असतात, तेव्हा हे दारं लावून, खिडक्यांना सोलापुरी चादरी ठोकून, पंखासुद्धा बंद करून बसायचे, कारण वाऱ्याने चादर हलते आणि फटीतून ऊन आत येतं. अशा भट्टीत ते एका चपलांच्या खोक्याला मोबाईल लावून बसलेले असायचे. बाहेरून कोणी हाक मारली तर आतून उत्तर यायचं, "दोन मिनिटं दम धरा, दार उघडलं तर अंधार वाया जाईल." मी त्यांना भाऊजी म्हणते. कुंभार पिंपळगावच्या ज्युनिअर कॉलेजात आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले आणि अंबडला आमच्या गल्लीच्या टोकाला घर बांधून राहिले. माझी बसस्टँडच्या मागे रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब आहे. म्हणजे नात्याने मी त्यांच्या मेव्हण्याची बायको, आणि कामाने त्यांची बिनपगारी सहायक. या दोन्ही जागा मी मागितलेल्या नव्हत्या.

फोनवर हॅलो म्हणणं, कसे आहात विचारणं, हे त्यांनी कधीच सोडून दिलं आहे. त्यांचं वाक्य मधूनच सुरू होतं. सकाळी सहाला मी कणीक मळत असते, हात बरबटलेले, कोपराने कसाबसा फोन घ्यावा तर पलीकडून, "मंग सहा धरू का साडेसहा?"

"काय सहा?"

"पीएच हो, वैनी. लघवीचा."

पोळ्या करणाऱ्या बाईला हा शब्द सकाळी सकाळी ऐकायचा नसतो, हे त्यांच्या गावीही नसतं. घरातल्या प्रत्येक वस्तूला ते कागदी चिकटपट्टी लावून नंबर घालतात. एकदा फ्रिजमधल्या पातेल्यावर 'नमुना ४१, हलवू नये' असं लिहिलेलं होतं. माझ्या नणंदेने दोन दिवस ते पातेलं हलवलं नाही. तिसऱ्या दिवशी वास आला तेव्हा कळलं, ते दूधच होतं. भाऊजींनी चिकटपट्टी चुकून बाजूच्या बाटलीऐवजी त्याला लावली होती. चूक कबूल करायची त्यांची पद्धतही ठरलेली. चष्मा काढायचा, पुसायचा, पुन्हा घालायचा आणि म्हणायचं, "नोंद केली." नोंद खरोखरच करतात. त्यांच्या घरात वह्या इतक्या आहेत की पाहुणा आला तर आधी खुर्चीवरून वह्या उचलाव्या लागतात, मग पाहुणा बसतो.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक बॅटरी असते. मूळची ती दुकानदारांची, खऱ्या-खोट्या नोटा ओळखायची. तिचा जांभळट उजेड पडला की काही वस्तू आपसूक चमकायला लागतात, आणि जगातल्या कोणकोणत्या वस्तू चमकतात हे पाहणं हा भाऊजींचा निवृत्तीनंतरचा मुख्य उद्योग. एका संध्याकाळी न्हाणीमागच्या भिंतीत त्यांना विंचू सापडला. या उजेडात विंचू हिरवागार पेटतो. यांनी गल्ली गोळा केली. लोकांनी विंचू पाहिला आणि चपला काढल्या, तर हे आडवे झाले, "थांबा ना, मारता काय जल्दी जल्दी? आधी बघून तर घ्या!" तेवढ्यात विंचवाने सगळ्यांना बघून घेतलं आणि तो शेजारच्यांच्या न्हाणीत निघून गेला. त्याच शेजारणीच्या दोरीवरच्या कपड्यांवर आठवड्याभराने बॅटरी मारून यांनी तिला कौतुकाने सांगितलं, "तुमची पावडर एकदम बराबर आहे. परकर बघा कसा चमकून राह्यला!" ती बाई आजही आम्हा दोन्ही घरांशी बोलत नाही. माझा यात काय संबंध, हे मी तिला विचारायला जाणार होते, पण तेवढी ताकद उरली नाही.

लांबून असा माणूस मजेशीर वाटतो. रोज संध्याकाळी लॅब बंद करताना दारात उभा असला की तितकासा वाटत नाही. "वैनी, दोन पिपेट, एक टेस्ट ट्यूबचा स्टँड, अन् तुमचं पाच मिनिटं डोकं." सुया सोडून त्यांनी माझ्या लॅबमधलं सगळं नेलं आहे. मी देत गेले, कारण हे सगळं कशासाठी चाललंय ते मला माहीत होतं.

माझ्या नणंदेला, म्हणजे अक्कांना, सहा वर्षांपासून कंपवात आहे. मेंदूत डोपामिन नावाचं द्रव्य असतं. हातापायांनी वेळेवर हलावं आणि वेळेवर थांबावं हे त्याचं काम. अक्कांना ते कमी पडतं. गोळी घेतली की चार-एक तास त्या बऱ्या असतात, मग गोळी उतरते. उतरताना सांगून उतरत नाही. दोन वर्षांपूर्वी आठवडी बाजारात रस्ता ओलांडताना मधोमध त्यांचे पाय जमिनीला चिकटले. माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, फक्त पाऊल उचलत नाही. समोरून एसटी आली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि तोंडाला येईल ते बोलला. एका मेथीवाल्या बाईने अक्कांना ओढून कडेला घेतलं. भाऊजी पलीकडे भाजीची पिशवी धरून उभे होते. नंतर त्यांनी ते अंतर पावलांनी मोजून आणलं. तीस पावलं.

त्या दिवसापासून त्यांनी एकच धरलं. गोळी उतरायच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे. आणि कळेपर्यंत अक्कांनी उंबरा ओलांडायचा नाही. बाजार बंद, बुद्धविहारातली पौर्णिमेची वंदना बंद, गल्लीच्या या टोकाला माझ्याकडे येणंसुद्धा बंद. अक्का पलंगावर बसून भाज्या निवडायच्या. उजव्या हातातली शेंग थरथरायची, मग डाव्या हाताने उजवा हात धरून त्या शेंग मोडायच्या. "तुझे भाऊजी मला बरणीत घालून झाकण लावून राह्यले बघ," मला म्हणायच्या. "लेबल तेवढं लावायचं राह्यलं."

भाऊजींची एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात संशोधन करते. तिने त्यांच्या मोबाईलवर काही कागद पाठवले आणि आमच्या दोन्ही घरांना मोसंबी लागली ती तशी. त्या कागदांत लिहिलेलं होतं की फळाचा रस बंद डब्यात खूप तापवला की त्याचे कार्बनचे कण होतात, इतके बारीक की माझ्या मायक्रोस्कोपखालीसुद्धा दिसणार नाहीत. साध्या उजेडात ते पाणी चहाचं भांडं धुतल्यासारखं तपकिरी. पण त्यावर ती नोटांची बॅटरी मारली की ते निळं पेटतं. आणि त्यात डोपामिन पडलं की निळेपणा विझत जातो. जितकं डोपामिन जास्त, तितका उजेड कमी. भाऊजींनी हे मला पहिल्यांदा करून दाखवलं तेव्हा त्यांच्या हातातली ट्यूब खरंच निळी झाली होती, गॅसच्या ज्योतीसारखी. पुण्याहून आलेल्या डोपामिनचा एक थेंब आत पडला आणि ज्योत खाली बसली. मग मी म्हटलं, "छान आहे. माझी ट्यूब धुऊन द्या."

डबा साधा चालत नाही. आत वाफ कोंडते. जालन्याच्या एमआयडीसीत लेथवर त्यांनी जाड स्टीलचा, आट्यांच्या झाकणाचा एक डबा करून घेतला. तो तापवायचा कुठे? घरच्या गॅसवर अक्का ठेवू देईनात. शेवटी बसस्टँडजवळच्या बेकरीवाल्या चाचांची भट्टी ठरली. पाव निघाल्यावर भट्टी उतरत जाते आणि अमुक वाजता हव्या त्या तापमानाला येते, हे भाऊजींनी आठवडाभर भट्टीसमोर थर्मामीटर घेऊन बसून ठरवलं होतं. चाचा हैराण. "सर, तुम्हारा डब्बा फुटला तो मेरी भट्टी जाएगी ना!" भाऊजी म्हणायचे, "फुटत न्हाई चाचा. जालन्याचं लोखंड हाय." "अन् मेरे टोस्ट को संतरे का वास आता, उसका क्या?" "संतरं न्हाई चाचा, मोसंबी," भाऊजी दुरुस्ती करायचे, जणू तक्रार फळाच्या नावाबद्दल होती. तरी चाचांनी कधी नाही म्हटलं नाही. दर वेळी डबा काढून देताना विचारायचे, "बाजी कैसी है?" अंबडमध्ये अक्कांना बाजी, म्हणजे मोठी बहीण, म्हणणारे ते एकटेच.

तयार झालेलं पाणी फ्रिजमध्ये. एका रविवारी आमचे हे बहिणीला भेटायला गेले, उन्हातून आलेले, आणि फ्रिजमधली बाटली तोंडाला लावून अर्धी रिकामी केली. त्यांना वाटलं काढा असेल. अक्का घाबरून ओरडल्या. भाऊजींनी शांतपणे खिडकीची चादर ओढली, मेव्हण्याला आ करायला लावलं आणि तोंडात बॅटरी मारली. "जीभ चमकून राह्यली!" ते आनंदाने म्हणाले. आमच्या यांनी त्या दिवशी घरी येऊन आरशासमोर जीभ काढून अर्धा तास काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींचा फोन. मला वाटलं प्रकृती विचारतायत. "वैनी, त्यांची सकाळची लघवी फेकू नका."

मोजायचं ते खोक्यात. चपलांचं खोकं आतून काळं रंगवलेलं, एका बाजूला बॅटरीचं भोक, दुसऱ्या बाजूला मोबाईलच्या कॅमेऱ्याचं. मधल्या ट्यूबमध्ये ते निळं पाणी, त्यात अक्कांच्या लघवीचे मोजून थेंब. मोबाईल किती उजेड पडला त्याचा आकडा देतो. आकडा छोटा म्हणजे उजेड विझला, म्हणजे डोपामिन आहे, म्हणजे अक्का बऱ्या. आता यात भाऊजींचा एक खास नेम होता. ट्यूबकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं नाही. माणसाला जे हवं तेच डोळा दाखवतो, असं ते मुलांना शिकवत आले होते. म्हणून कॅमेराही त्यांनी काळ्या-पांढऱ्यावर ठेवला होता. रंगाने मन भुलायला नको. बघायचा तो फक्त आकडा. हा नेम मला तेव्हा चांगला वाटला होता. माझ्या लॅबमधल्या मुलीही असा नेम पाळतील तर बरं, असं मनात आलं होतं.

डब्यात रस जायचा वाटीभर, पण भाऊजी मोसंबी आणायचे गोणीने, एकाच बागेची, एकाच तोडीची, म्हणजे प्रयोगात फरक नको. उरलेल्या गोणीचा रस अक्कांनी प्यायचा. रोज दोन ग्लास. काही महिन्यांत अक्कांचं तोंड आलं. भाकरीचा तुकडा लागला तरी डोळ्यांत पाणी. मला म्हणाल्या, "वैनी, माझ्या जन्माची मोसंबी पिऊन झाली गं. पण यांना सांगू नको, अजून एक वही काढतील." मी रस ओतून द्यायला सांगितला आणि माझ्या पर्समधली बी-कॉम्प्लेक्सची पट्टी त्यांच्या उशीखाली ठेवली. रोज एक. भाऊजींना बोलले नाही. मी दमले होते. त्यांना एक गोष्ट सांगितली की वीस प्रश्न येतात, आणि माझ्यात एकाचंही उत्तर द्यायची ताकद नव्हती.

त्यानंतर दोनच दिवसांनी, मार्चमध्ये, जाफराबादला भाऊजींच्या पुतणीचं लग्न होतं. ही मुलगी शिक्षणासाठी चार वर्षं अक्कांकडे राहिली होती. तिच्या वेण्या अक्कांनी घातल्या, तिच्या दहावीला अक्का पहाटे उठून बसल्या. लग्न ठरल्यापासून अक्का एकच म्हणत होत्या, मला जायचं आहे, आणि गाडीतून उचलून नाही, स्वतःच्या पायांनी मंडपात जायचं आहे. भाऊजी म्हणाले, ठरवणारा मी कोण? सकाळची गोळी घेतल्यावर तासाभराने खोकं काय म्हणतं ते बघू. आकडा पन्नासच्या खाली आला तर जायचं. वर गेला तर न्हाई.

त्या सकाळी गाडी घेऊन आम्ही त्यांच्या दारात आठला उभे राहिलो. अक्का पांढरी साडी नेसून पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, पायात चपला. सहापासून तशाच बसल्या होत्या, हे मला नंतर कळलं. आतल्या अंधाऱ्या खोलीतून भाऊजी बाहेर आले, चष्मा पुसत.

"एकशे बारा," म्हणाले. "इतका उजेड कधीच आल्ता न्हाई. गोळी लागूच पडली न्हाई, वैनी. जाफराबाद रद्द. अन् मी अर्धी गोळी वाढवून देऊन राह्यलो."

अर्धी गोळी खरंच त्यांच्या हातात होती.

"डॉक्टरांना विचारल्याशिवाय अर्धी काय, चिमूटभरसुद्धा द्यायची नाही," मी म्हटलं. "ठेवा ती खाली."

"एकशे बारा हाय, वैनी! तिचे रस्त्यात पुन्हा पाय चिकटले तर?"

"अहो, मी सांगून राह्यले ना," पलंगावरून अक्का म्हणाल्या. "गोळी लागली की माझा अंगठा हलका होतो. आज झालाय. बघा ना हात."

"अंगठा हा पुरावा न्हाई," भाऊजी म्हणाले.

मी त्यांना बाजूला करून आत गेले आणि खोकं उघडलं. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. ट्यूब निळी नव्हती. पोपटी होती, झगझगीत पोपटी. बाजूला ठेवलेली लघवीची बाटली हळदीच्या पाण्यासारखी पिवळी. माझ्या लॅबमध्ये शिकायला येणाऱ्या पोरीलाही पहिल्या आठवड्यात कळतं की असा रंग कशाने येतो. बी-कॉम्प्लेक्समधलं एक जीवनसत्त्व लघवीतून जसंच्या तसं बाहेर पडतं, आणि त्या बॅटरीत ते स्वतःच चमकतं. भाऊजींचा निळा उजेड बिचारा विझला असेल नसेल; त्याच्यावर माझ्या गोळीचा पोपटी उजेड चढून बसला होता.

सांगावं लागलं. पर्समधली पट्टी, उशी, आलेलं तोंड, सगळं. मी काही फार खाली मान घालणारी बाई नाही, पण त्या दिवशी घातली. भाऊजी ऐकत राहिले. चष्मा काढला, पुसला, घातला. मला वाटलं आता 'नोंद केली' म्हणतील. ते म्हणाले, "म्हणजे एवढी मोसंबी मीच पाजली, त्यानं तोंड आलं, त्यावर तुम्ही गोळी दिली, अन् त्या गोळीनं माझं खोकं फसवलं."

"हो."

"साखळी बराबर हाय," ते म्हणाले.

मग जे मी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं ते सांगून टाकलं. "भाऊजी, खोकं बरोबर निघालं असतं तरी काय? लघवीत उतरतं ते मेंदूतलं नसतं. किडनीतलं असतं, तिच्या गोळीचं असतं. डोक्यात काय चाललंय ते या बाटलीत दिसत नाही."

"म्हाइती हाय," ते म्हणाले. "पहिल्याच महिन्यात वाचलं."

"आणि तरी इतके महिने..."

"डॉक्टर दर वेळी म्हणतात, सर, लक्ष ठेवा. मंग कशावर ठेवू, वैनी? तिच्या पायाकडं बघत बसलो तर ती अजून अडखळती. चिडती. उजेडाकडं बघत बसलं तर कुणाला त्रास न्हाई."

मग अक्का चपला घासत उठल्या आणि म्हणाल्या, "झालं का तुमचं कॉलेज? पोरीचं लग्न लागून जाईल तिकडं."

आम्ही निघालो. भाऊजींनी वही घेतली, बॅटरी खिशात घातली. भोकरदनच्या पुढे रस्ता खराब आहे, गाडी डचमळत होती, आणि ते दर अर्ध्या तासाने मागे वळून अक्कांना विचारत होते, "अंगठा?" अक्का म्हणायच्या, "हलका." ते लिहायचे. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "अंगठा हलका हाय, डोकं जड झालंय." तेही त्यांनी लिहिलं.

मंगल कार्यालयाच्या दारातून व्यासपीठापर्यंत लांबलचक आत जावं लागतं. मधे पांढऱ्या कापडाची पट्टी अंथरलेली, दोन्ही बाजूंना माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत. आम्ही दारात पोहोचलो आणि लाइट गेली. जनरेटर चालू करणारा माणूस सापडेना. आत अंधुक, बाहेरच्या उन्हातून आल्यामुळे तर जास्तच. आणि अक्का दारात थांबल्या. पाय चिकटले. अंगठा हलका होता, गोळीची वेळ बाकी होती, पण दार आलं, अंधार आला, मागून गर्दी आली. कंपवात असलेल्यांना दारं जड जातात, हे मी वाचलं होतं. पाहिलं त्या दिवशी. मागून कोणीतरी म्हणालं, "चला की बाई, वाट अडवून काय राह्यल्या?" मी त्याच्याकडे पाहिलं आणि तो गप्प झाला, पण त्याने अक्कांचे पाय काही सुटले नाहीत. आमचे हे म्हणाले, खुर्ची आणू का, खुर्चीसकट उचलून नेऊ. अक्कांनी मान हलवली. नको. ओठ दाबलेले. आत व्यासपीठावर पांढऱ्या साडीतली पुतणी मान उंचावून दाराकडे पाहत होती.

भाऊजी अक्कांच्या शेजारी उभे होते. त्यांना काय करावं कळेना आणि कळेनासं झालं की त्यांचा हात जिथे जातो तिथे गेला, खिशाकडे. पांढरं काही दिसलं की त्यावर बॅटरी मारायची ही त्यांची सवय. मला वाटलं, आता हे लग्नात पावडरीची तारीफ करणार. त्यांनी बॅटरी खाली कापडावर मारली. धुवट पांढऱ्या कापडावर अक्कांच्या पायापासून वीतभर पुढे एक निळं वर्तुळ उमटलं, ताटाएवढं.

अक्कांनी खाली पाहिलं. मग उजवा पाय उचलला आणि त्या वर्तुळात ठेवला. मागोमाग डावा.

भाऊजी हलले नाहीत. तोंड उघडं ठेवून पायांकडे पाहत राहिले.

"तिथंच काय धरून राह्यलात?" अक्का म्हणाल्या. "फुडं घ्या की!"

त्यांनी बॅटरी पुढे घेतली. अक्का वर्तुळावर. पुन्हा पुढे. भाऊजी वाकून, उलटे, पाठीमागे सरकत चालले होते, लोकांना धडकत, आणि अक्का एकेक पाऊल टाकत त्यांच्यामागे, मान खाली, जणू पाण्यातल्या दगडांवरून नदी ओलांडतायत. लोकांना वाटलं लग्नातलीच काही नवीन पद्धत आहे. दोघाचौघांनी मोबाईल काढून शूटिंग केलं. व्यासपीठाजवळ पहिल्या रांगेतल्या खुर्चीत अक्का बसल्या. तेवढ्यात जनरेटर लागला, सगळे ट्यूबलाइट भकभकून पेटले आणि ते निळं वर्तुळ कुठे गेलं कळलं नाही. भाऊजी तरी बॅटरी खाली धरून उभेच. अक्का म्हणाल्या, "बंद करा ती. सेल जातील."

नंतर डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाले, पायापुढे रेघ असली, उजेड असला की काही जणांचं पाऊल सुटतं. जमिनीवर पट्ट्या मारून बघा. भाऊजींनी हे नोंदवलं. मी म्हटलं, चुन्याच्या पट्ट्या मारा, विषय संपेल. पण अक्कांना ते चालेना. आल्या-गेल्याला दिसतं, म्हणाल्या, घर न्हाई, कबड्डीचं मैदान वाटतं. मग भाऊजींनी फ्रिजमधलं मोसंबीचं पाणी काढलं, डिंकात कालवलं आणि ब्रश घेऊन पलंगापासून न्हाणीपर्यंत, न्हाणीपासून दारापर्यंत, काळ्या फरशीवर आडव्या रेघा ओढल्या. एरवी काही दिसत नाही. बॅटरी मारली की सगळ्या एकदम निळ्या उठतात, आणि अक्का त्या ओलांडत जातात. फरशी पुसली की रेघा जातात, म्हणून दर रविवारी नव्याने. खोकं माळ्यावर गेलं. वह्यांमध्ये आता आकडा नसतो. एका रकान्यात वेळ आणि दुसऱ्यात 'अंगठा हलका' किंवा 'अंगठा जड'. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी ती वही वाचून गोळीच्या वेळा बदलल्या. भाऊजींचा एवढा मान त्यांच्या एकाही प्रयोगाला मिळाला नव्हता. चाचांच्या भट्टीत डबा मात्र अजून जातो.

यंदा अक्का पूर्वीइतक्या उठत नाहीत. वहीत 'जड' जास्त दिसायला लागलंय. दारापर्यंतच्या रेघा भाऊजी तरीही ओढतात. मी विचारलं, तिकडच्या कशाला, त्या आता दारापर्यंत येतात कुठे? ते म्हणाले, "असू द्या, वैनी. रेघ थोडीच कुणाला त्रास देऊन राह्यली."

परवा मी अक्कांचं रक्त घ्यायला गेले. दुपार होती, दोघं झोपलेली, खिडकीच्या चादरी निघालेल्या, बॅटरी कोपऱ्यात चार्जिंगला. दारातून पलंगापर्यंत नुसती काळी फरशी, तिच्यावर ऊन. रेघांवर पाय पडला की त्या पुसल्या जातात, असं भाऊजींनी एकदा बजावलं होतं. दिसत काहीच नव्हतं, पण जागा पाठ झाल्या होत्या. हातात सुईचा डबा आणि कापूस धरून मी मोठी मोठी ढांग टाकत पलंगापर्यंत गेले, आणि एकीवरही पाय पडू दिला नाही.